शालनच्या केराचं पोतं

पयल्यांदा मुरुगेसन अण्णाचं नाव लिवा, ताई. लिवलं? नीट लिवा बरं, त्येच्या नावात काय चुकलं तर मला झोप लागायची न्हाई. माझं नाव शंकर, ते ऱ्हायलं तरी चालतंय. पण ह्यो माणूस आमच्या रक्ताचा न्हाई, गावचा न्हाई, भाषेचा तर न्हाईच न्हाई, आन् तरी माझी शालन आपल्या घराच्या उंबऱ्यावर जित्ती पोचली ती ह्येच्यामुळं. ते बगा, समोरच्या दुकानात मान खाली घालून ठोकत बसलाय तो. सोनार हाय. त्येचा डावा कान बगा हितनं. भोक दिसतंय? मोकळं हाय. ते कसं मोकळं झालं तेच सांगायचंय, पण त्येला आधी शालन सांगाय लागती, न्हाईतर तुमाला कळायचं न्हाई. मी शाळेत सातवी पतोर गेलो, ती बी आर्धी, तवा माझं सांगणं जरा इकडचं तिकडं व्हईल, तुमी सरळ करून लिवा. पण लय सरळ करू नका.

आमचं गाव विट्याच्या पल्याड, खानापूर तालुक्यात, माळावर. खाली कुंडलकडं ऊस डोक्याच्या वर जातोय आन् आमच्यात नुस्ती कुसळं, म्हणून आमच्या भागातली माणसं पार पंजाबापासनं केरळापतोर पांगली, कोण कुठं, कोण कुठं, पण धंदा सगळ्यांचा एकच, गलाई. गलाई म्हंजी काय, तर सोनाराकडचं जुनं मोडकं सोनं आणायचं, मुशीत घालून वितळवायचं, मूस म्हंजी आग सोसणारी मातीची वाटी, मग तेजाबात टाकून त्यातलं तांबं-चांदी काढायचं आन् चोख सोनं ज्येचं त्येला परत करायचं. दिसभर हातात सोनं, आन् त्यातलं आपलं काय न्हाई. मामानं मला ह्या सेलमला आणलं तवा मला मिसरूड बी न्हवतं. तमिळ म्हंजी डब्यात खडं घालून हालवल्यावानी वाटायचं. आता सपनं बी त्यातच पडत्यात, काय सांगू तुमाला.

शालन कुंडलची. हिरव्यातली पोर. लग्नात तिची आय रडाय लागली, म्हणली, सोन्यासारखी लेक उसातनं उचलून कुसळात टाकली गं बाई. तर ही नवरी असून म्हणती कशी, आये रडू नगंस, कुसळाला रातचं उठून पाणी पाजायला तर जावं लागत न्हाई. सगळा मांडव हसला. माझा बा म्हणला, शंकऱ्या, ही तुला वितळवून तेजाबात घालंल बग. तसंच झालं म्हणा.

लग्न झालं आन् मी हिकडं, ती गावाकडं माझ्या आयजवळ. आमच्यात तशीच रीत. बापय मुलखावर, बायका गावात, आन् गावच्या यात्रेला सगळा मुलूख परत येतोय. यात्रेला बगाल तर गावात पाय ठिवाय जागा न्हाई, कुणाची पोरं बंगालीत भांडत्यात, कुणाची तेलगूत, आन् यात्रा सरली की नुस्ती कुलपं. तशी चार-पाच यात्रा आमचा संसार झाला. मग एका यात्रेला मी पिशवी भरून निघालो तर ही दारात गठूळं घेऊन उभी. म्हणलं कुठं? म्हणली, तुमी जाताय तिथं. म्हणलं, अगं तिथं एक खोली हाय, खाली भट्टी आन् वर माळा. म्हणली, मग मी काय हत्ती हाय व्हय, माळ्यावर न मावायला? आयनं बी तिचीच बाजू घेतली. गठुळ्यात काय हुतं तर तवा, पीठ मळायची काटवट आन् जुंधळं. जुंधळं घेऊन ती तामिळनाडूला आली, बगा.

हितं आली आन् जुंधळं दळून मिळंना. गिरणीवाला तांदळाच्या जात्यात जुंधळा घालू देईना. तवा हाच मुरुगेसन, तरणा हुता तवा, समोरच्याच दुकानात, डाव्या कानात सोन्याचा बारका मणी, त्येच्या बानं घालून दिलेला, तो उठला, गिरणीवाल्यासंगं भांडला आन् दळून घेऊन आला. तिनं पयली भाकरी त्येलाच दिली, वर मिरचीचा ठेचा. त्येनं भाकरी उलटीपालटी केली आन् मला तमिळमदी इचारलं, ह्येच्यावर लिवायचं का ही खायाची? मी ते तिला सांगितलं. ही म्हणली, अण्णाला सांगा, तुमचं दात इडलीनं मऊ झाल्यात, जरा कामाला लावा. त्येनं ठेचा तोंडात घातला आन् डोळ्यातनं धारा, नाकातनं धारा, ही हसून हसून माळ्याच्या शिडीवर बसली. त्या दिवसापास्नं तो तिचा अण्णा आन् ती त्येची तंगच्ची. तंगच्ची म्हंजी धाकटी भन. तिला सख्खा भाऊ न्हवता, ताई. ते बी लिवा.

आन् आता केराचं ऐका, त्येच्यावरच सगळं हाय.

आमच्या धंद्यात जमिनीवरची धूळ टाकायची न्हाई. सोनं कापताना, ठोकताना, मूस फुटताना कण उडत्यात, डोळ्याला दिसत न्हाईत, पण असत्यात. म्हणून रोज दुकान लोटून केर साठवायचा, मग तो जाळायचा, धुवायचा, आटवायचा, आन् त्यातनं जे बारकं दाण्याएवढं सोनं निगतंय ते आपलं. दुसऱ्याच्या सोन्याला हात लावायचा न्हाई, आन् आपल्या केराला दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई, हा आमच्यातला कायदा. शालन तो कायदा माझ्याकडनं शिकली आन् तिनं तो मलाच लागू केला. दुकानातनं बाहीर पडायचं तर पाय टबात धुवायचं, टबातलं पाणी बी सांडायचं न्हाई, त्याचा गाळ बसवायचा. माझ्या डोक्यावरनं ती कुंचा फिरवायची, मिशीवरनं फिरवायची. आमचा ल्योक संज्या शाळंला निघाला की त्येला उंबऱ्यावर उभा करून, पाय आपट, डावा, उजवा, केस झाड, जा. नातीचं बी तेच, प्राजूचं. प्राजू रडायची, आज्जी, समदी पोरं पावडर लावून येत्यात आन् मला झाडून धाडतीस. ही म्हणायची, त्यांच्या अंगावर पावडर असती, तुझ्या अंगावर सोनं असतंय, म्हणून झाडती.

ती पोरगी हितंच जलमली, हितंच वाढली. शालन तिच्यासंगं कुंडलच्या भाषेत बोलायची आन् पोरगी तमिळमदी उत्तर द्यायची, आन् दोघींचं बिनसायचं न्हाई कवा. संज्याला मुदतीचा ताप आला तवा मी भट्टीवर अडकलेला, ही त्येला पाठीशी बांधून दवाखान्यात बसली, भाषा येत न्हाई, नुस्तं बोटानं दाखवायची, हितं, हितं. सून आली तवा तिला म्हणली, बाई, मला सासूबाई म्हण न्हाईतर न म्हण, पण दुकानात चप्पल घालून आलीस तर बग. लय प्रेमाची हुती. पण केराच्या बाबतीत लय वाईट.

मग आमी गावाकडं घर बांधलं. दोन मजली, खाली सोपा, वर गच्ची, सगळ्या गलाईवाल्यांचं असतंय तसं. वास्तुशांत झाली आन् दोन दिसांनी कुलूप. सीझन हुता, लगीनसराई, दुकान बंद ठिवून चालत न्हवतं. तिनं कुलूप स्वता लावलं आन् किल्ली कनवटीला खोचली. तवापास्नं ती किल्ली तिच्या कनवटीला. आंघोळीला जाताना खुंटीला, आली की परत कनवटीला. यात्रेला जायाचो तवा चार दिस उघडायचं, पाव्हण्यांची धावपळ, परत कुलूप. म्हणायची, ह्या घरात मी अजून एकदा बी निवांत बसून केर काढला न्हाई. पुढच्या साली जाऊ, म्हणायचो मी. ती बी म्हणायची, पुढच्या साली. आन् अण्णाला म्हणायची, अण्णा, आमच्या घरी पंगत बसंल तवा पयला पाट तुमचा. तो म्हणायचा, येतो तंगच्ची, पण ठेचा दुसऱ्याला वाढ.

खोकला कवा सुरू झाला ते मला सांगता येणार न्हाई. हितं सगळ्यांनाच खोकला. मग चढ चढता येईना, मग माळ्याची शिडी चढता येईना, मग बोलताना मधीच थांबाय लागली. डॉक्टर म्हणला, फुप्फुसं आकसल्यात, आता आक्सिजन लागणार, आन् एक दिवस मला आन् संज्याला बाहीर बोलावून म्हणला, जे काय करायचं ते आता करा. शालन आत पडलेली, पण तिला कळलंच. मी आत गेलो तर तिनं कनवटीची किल्ली काढून मुठीत धरली हुती. म्हणली, मला हितं मरायचं न्हाई. मला माझ्या घराचं कुलूप माझ्या हातानं उघडायचंय. मग काय व्हायाचं ते हू द्या.

मी तिची मूठ धरली आन् म्हणलं, जाऊ.

डॉक्टरनं सांगितलं, नेताय तर सलग न्या, दोन सिलिंडर घ्या, तेवढ्यात पोचलं पायजे, वाटंत थांबत बसू नका. संज्यानं आपली व्हॅन काढली, मधलं सीट काढून गादी घातली. मुरुगेसन अण्णा नवीन पांढरं धोतर नेसून, पिशवी घेऊन दारात हजर. म्हणला, मला कानडी येतंय, तुमाला न्हाई, वाटंत लागंल, आन् तंगच्चीनं पाट मांडलाय न्हवं माझा? शालन त्या हालतीत हसली.

आन् निघायच्या टायमाला ती म्हणली, केर?

म्हणलं, अगं केराचं काय आता. तिनं मान हालवली. गलाईवाला केर मागं ठिवून गाव सोडत न्हाई, हे तुमीच शिकवलंय मला. आन् मग जे म्हणली ते मला ठावं न्हवतं. म्हणली, मेल्यावर माझ्या तोंडात सोन्याचा मणी ठिवाल न्हवं? तो माझ्या लोटण्यातला पायजे. जलमभर दुसऱ्याचं सोनं बगितलं, तोंडात तरी माझं असू द्या. डोरलं मोडू नका, ते प्राजूचं हाय. मग प्राजूनं दुकान लोटलं, आज्जी गादीवरनं सांगतीय, तो कोपरा, फळीच्या मागं, वाईच उजवीकडं, आन् तो केर पोत्यात भरून शालनच्या जुन्या लुगड्याच्या काठानं तोंड बांधलं. गाठ तिनं स्वता मारली. धाप लागली, पण मारली. पोतं व्हॅनमदी तिच्या पायापाशी ठिवलं, आन् आमी दुपारचं निघालो.

आता तुमाला हसाय येईल, पण हे फक्त आमच्यासारखाच माणूस करू जाणं. मरणाच्या दारातलं माणूस गाडीत, आन् संगं केराचं पोतं.

निवडणुका लागल्या हुत्या. राज्याच्या हद्दीवर तपासणी चालली हुती, पैसा, दारू, सोनं कोण नेतंय काय बगायला. दिस कलला हुता. गाडी बाजूला घ्या म्हणलं. आमी म्हणलं पेशंट हाय. त्यांनी आत वाकून बगितलं, सिलिंडर बगितला, शालनला बगितलं, जा म्हणायच्या बेतात हुते, आन् एका शिपायाचा हात त्या पोत्याला लागला. जड. काय हाय ह्यात? संज्या म्हणला, केर. कसला केर? घरातला. साहेब तरणाच हुता, त्येला तमिळ बी कळत हुतं, वाईट न्हवता, पण तो म्हणला, राज्य वलांडून घरातला केर कोण नेतंय हो? आन् तिथं माझी जीभ वळवळली. संज्या माझ्या पायावर पाय देतोय, मला कळंना, मी भ्यालो हुतो ताई, मी हात जोडून म्हणलं, साहेब, त्यात सोनं हाय!

झालं.

सगळे भवती जमले. किती सोनं? म्हणलं, ते आटवल्याबिगर कळत न्हाई. पावती? म्हणलं, केराची पावती कोण देतंय. म्हंजी सोनं हाय आन् पावती न्हाई. म्हणलं, सोनं न्हाई साहेब, केर हाय. मगाशी तर सोनं म्हणलास. जितकं खरं बोलावं तितकं खोटं वाटाय लागलं. त्येनी पोत्यात हात घातला, हात काळा झाला, उन्हाला धरला तर कायतरी चमकलं, मुशीचा तुकडा हुता, चांदी लागलेला. साहेब म्हणला, हे माझ्या आखत्यारीतलं न्हाई, सकाळी पारखणारा माणूस येईल, तवर गाडी हलणार न्हाई.

सकाळी! मी सिलिंडरच्या काट्याकडं बगितलं. तो काटा, ताई, तो काटा अजून माझ्या डोळ्यापुढनं हालत न्हाई. जेवनाच्या ताटाकडं बगावं तरी काटा दिसतोय. संज्या त्यांच्यासंगं वाद घालाय लागला, आवाज चढाय लागला, अण्णा त्येला मागं वढतोय आन् कानडीत साहेबाला इनवतोय. पोलीस म्हणत्यात, पेशंटला सरकारी दवाखान्यात हलवा, आमी गाडी देतो. आन् एकदा तिथं दवाखान्यात घातली की ती परत निघत न्हाई हे मला बी कळत हुतं आन् तिला बी.

प्राजू गाडीतनं उतरून आली. म्हणली, आज्जी बोलावती. मी गेलो. शालननं नाकावरची आक्सिजनची नळी काढाय लावली, म्हणली, पोतं देऊन टाका त्यांना. म्हणलं, अगं, तुझा मणी? ती थांबली. श्वास घेतला, परत थांबली. म्हणली, मण्याबिगर मरता येतंय. कुलूप मात्र मरायच्या आधीच उघडाय लागतंय.

मी साहेबाला सांगितलं, पोतं तुमच्याकडं ठिवा. तो म्हणला, नुस्तं पोतं ठिवून भागत न्हाई, त्येचा मालक हितं थांबला पायजे. ते बी त्येचं बरोबर हुतं. म्हणलं, मी थांबतो. असं म्हणलो खरं, आन् मग गाडीकडं बगितलं. तिला सोडून? लग्नानंतर चार-पाच वर्सं सोडून आलोच हुतो मी तिला, आता ह्या टायमाला बी?

तवर मुरुगेसन अण्णा पोत्यावर जाऊन बसला हुता. नवीन पांढरं धोतर, आन् तो त्या काळ्या पोत्यावर. साहेबाला म्हणला, पोतं माझं. मी सोनार हाय, ह्यो माझ्या दुकानचा केर हाय, ह्या लोकांनी नुस्तं गाडीत घातलंय. लिवून घ्या माझं नाव. मी म्हणलं, अण्णा, असं करू नका, तुमाला काय झालं तर? तो मला तमिळमदी म्हणला, शंकरा, तू तिचा नवरा, तू हितं बसून काय करणार? मला सोन्यावर बसायची सवय हाय. आन् हसला. डोळं मात्र भरलेलं.

मग त्येनं डाव्या कानाला हात लावला. तो मणी लहानपणापास्नं कानात, निगंना. वढला त्येनं. रगात आलं. तसाच प्राजूच्या तळहातावर ठिवला आन् म्हणला, तुझ्या आज्जीला दे, म्हणावं केर धुवाय टाईम न्हाई, तवर हे घे. प्राजूनं तो तिला दाखवला. मी म्हणलं, आता ही काय म्हणती, दुसऱ्याचं सोनं नको म्हणली हुती. शालननं मूठ उघडली, आत किल्ली हुती, तिच्याजवळच मणी घेतला, मूठ मिटली. म्हणली, भावाचं सोनं दुसऱ्याचं नसतंय.

साहेबानं नाव लिवून घेतलं आन् हात केला. आमी निघालो. मागच्या काचंतनं बगितलं तर अण्णा पोत्यावर ताठ बसलेला, लग्नात नवऱ्या मुलाचा मामा बसतोय तसा.

पुढची रात आमी कशी काढली ते इचारू नका. संज्या गाडी हाणत हुता, मी काट्याकडं बगत हुतो आन् प्राजू आज्जीकडं. एक सिलिंडर सरला, दुसरा लावला, त्येचा बी काटा खाली. संज्यानं गावातल्या डॉक्टरला फोन करून सिलिंडर घरी आणाय सांगितला, म्हणला, आमी पोचतो, पोचतो. कोल्हापूर गेलं तवा तांबडं फुटत हुतं आन् काटा बी तांबड्यात. पेठ नाक्यावरनं आत वळलो. मी तिला म्हणलं, शालन, कुंडल आलं बग. तिचं माहेर. उसाला तुरा आलेला. म्हणलं, वाईच थांबायचं? तिनं मान हालवली, थांबू नका. पण हात काचंबाहीर काढला तिनं, नुस्ता वाऱ्यावर धरला, गाव सरंपतोर. मग आत घेतला आन् तोंडावरनं फिरवला.

आमच्या दारात डॉक्टर सिलिंडर घेऊन उभा हुता. आमी थांबलो आन् जुन्याचा काटा खाली टेकलेला. नवा लावला. तिचं वठ निळं झालं हुतं, ते जरा पालटलं. मला वाटलं आता तिला सरळ आत न्यावं, तर ती किल्ली दाखवाय लागली. मग संज्यानं तिला उचलली, लेकराला उचलत्यात तशी, मी सिलिंडर धरला, आन् दारापाशी नेली. हाताला जोर न्हाई. प्राजूनं तिच्या हातावर हात ठिवला. कुलूप गंजलेलं, फिरंना. म्हणलं, राहू दे, तोडू. म्हणली, न्हाई. दोघींनी मिळून फिरवलं, एकदा, दोनदा, आन् निगालं.

आत नुस्ती धूळ. वर्साची बंद घराची धूळ, बोटभर. सोप्यात गादी घातली, तिला ठिवली. तिनं सगळीकडं नजर फिरवली आन् प्राजूला म्हणली, लोट. प्राजू बिचारी सवयीनं लोटाय लागली, बारीक बारीक, कोपऱ्यात गोळा केलं आन् पिशवी हुडकाय लागली भरून ठिवायला. तवा शालन म्हणली, बाहीर टाक. प्राजूला समजंना. आज्जी, टाकू? टाक की गं. हा आपल्या घरातला केर हाय. ह्यात कुणाचं काय न्हाई.

प्राजूनं सुपलीभर धूळ उकिरड्यावर फेकली आन् शालन ते दारातनं बगत हुती, ताई, काय तिचं तोंड झालं हुतं तवा, काय सांगू. जलमात पयल्यांदा केर टाकला तिनं. मग म्हणली, अण्णा आला का? म्हणलं, येतोय. म्हणली, पाट पुसून ठिवा.

तिसऱ्या दिवशी, सकाळची, उजेडात गेली. चहा अर्धा पिऊन. माझा हात तिच्या हातात हुता. तोंडात तुळशीचं पान, पाणी आन् अण्णाचा मणी. माहेरचं लुगडं भावानं घालायचं असतंय, भाऊ न्हाई, तर प्राजूनं अण्णाला फोन लावला. तो फोनवर रडला, मग म्हणला, हिरवं घे, तिला हिरवं आवडायचं, माझ्या नावानं घाल. तसं घातलं.

त्येचं काय झालं म्हणताय? रातभर बसला पोत्यावर. सकाळी पारखणारा आला, पोतं बगितलं आन् म्हणला, हा तर केर हाय. साहेबानं म्हणं माफी मागितली, अण्णाला चहा पाजला. पोतं घेऊन पुढं गेलं तर परत कुठंतरी आडवतील, म्हणून अण्णा ते खांद्यावर टाकून येष्टीनं परत सेलमला आला, कंडक्टर आत घेईना, म्हणला, हे घाणेरडं काय हाय, तर हा म्हणला, माझी भन हाय, तिचं तिकीट काढ. दोन तिकीटं काढली त्येनं. खरंच. दुकान बंद ठिवून तेराव्यापतोर सुतक धरलं, त्येच्या बायकोनं मला सांगितलं.

सगळं आटपून मी परत आलो. धंदा हाय, दुसरं काय येतंय मला? दुकान उघडलं तर समोरनं तो उठून आला, पोतं घेऊन. गाठ तशीच. लुगड्याच्या काठाची. म्हणला, मी हात लावला न्हाई, शंकरा, आपला कायदा हाय न्हवं.

ते पोतं ते बगा, त्या कोपऱ्यात. अजून धुतलं न्हाई. धुवायचं म्हंजी गाठ सोडाय लागती, आन् ती गाठ तिच्या हातची हाय. रोज सकाळी म्हणतो, आज सोडू, आन् रोज समोर बगतो तर त्येचा कान मोकळा. बाजारात त्येला मणी काय मिळंना व्हय, सोनारच हाय तो. पण तो घालत न्हाई, आन् मी इचारत न्हाई. वयानं थकलाय तो, गुडघं धरल्यात, माझा बी काय भरवसा. रातचं दचकून उठतो, म्हणतो, दोघातलं एक आधी गेलं तर?

म्हणून हे लिवून घ्या, ताई, म्हंजी मला मागं सरता येणार न्हाई. यात्रेच्या आधी ती गाठ सोडणार. तिचा केर माझ्या हातानं जाळणार, धुणार, आटवणार, निगंल तेवढा मणी करणार. आन् अण्णाला गावाकडं नेणार, वाटंत कुणी आडवलं तर ह्या बारीला मी बसीन. प्राजूनं पाट पुसून ठिवलाय. त्येच्यावर त्येला बसवणार, भाकरी वाढणार, आन् शालनच्या लोटण्यातला मणी त्येच्या कानात घालणार. ठेचा वाढणार न्हाई.